होनोलुलू ते काहुलुई: १६२ किलोमीटर आणि तीन वेगवेगळ्या वेळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हवाईमधल्या ओआहू बेटावरच्या होनोलुलूहून माउई बेटावरच्या काहुलुईला विमानाने जायचं आहे. अंतर एका ठिकाणी १०० मैल दिसतं, दुसरीकडे १६२ किलोमीटर, तिसरीकडे नुसतंच ८७. उड्डाणाचा वेळ एक हिशेब १२ मिनिटं सांगतो, दुसरा ४२, आणि प्रत्यक्ष गेलेले लोक म्हणतात विमान हवेत वीस-पंचवीस मिनिटंच होतं. यातलं खरं कोणतं, कुठल्याही दोन बेटांसाठी हे स्वतःचं स्वतः कसं काढायचं, आणि परतताना होनोलुलूहून पुढच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी दीड तास पुरेल का?

उड्डाणाचं नियोजन करणं, म्हणजे मार्ग, इंधन, वारा आणि वेळ यांचा हिशेब वैमानिकाच्या हातात देणं, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, वरचे सगळेच आकडे बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच. छोट्या पल्ल्याच्या बेटांमधल्या उड्डाणात तर अंतर आणि वेळ यांचा संबंध इतका सैल असतो की अंतरावरून वेळ काढायला जाणं हीच पहिली गफलत.

आधी अंतर. १०० मैल, १६२ किलोमीटर आणि ८७ हे तिन्ही एकच आहेत. ८७ हे सागरी मैल. विमान वाहतुकीत जगभर अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. रस्त्यावरचा मैल १,६०९ मीटरचा. वैमानिकाने घोषणेत नुसतं मैल म्हटलं की तो बहुधा सागरी मैलच सांगत असतो.

सागरी मैल आम्ही धरून ठेवलाय तो हट्टापायी नव्हे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, आणि या एका गोष्टीमुळे बेटांमधलं अंतर कागदावर काढता येतं. होनोलुलूचा विमानतळ आहे २१ अंश १९ मिनिटं उत्तर, १५७ अंश ५५ मिनिटं पश्चिम. काहुलुईचा २० अंश ५४ मिनिटं उत्तर, १५६ अंश २६ मिनिटं पश्चिम. अक्षांशातला फरक २५ मिनिटं, म्हणजे उत्तर-दक्षिण २५ सागरी मैल. रेखांशातला फरक ८९ मिनिटं. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. २१ अंशांच्या आसपास तो ०.९३३ आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम ८३ मैल. २५ चा वर्ग ६२५, ८३ चा वर्ग ६,८८९, बेरीज ७,५१४, तिचं वर्गमूळ ८६.७. झालं. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आणि एक कोसाइन, बस. कुठलंही संकेतस्थळ यापेक्षा वेगळं उत्तर देत असेल तर संशय त्या संकेतस्थळावर घ्यायचा.

ही युक्ती चारपाचशे किलोमीटरपर्यंत निर्धास्त वापरा. त्यापुढे, आणि ध्रुवांच्या जवळ त्याच्या आधीच, पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावा लागतो आणि हॅवरसाइन सूत्र लागतं. पण चुका सूत्रात फारशा होत नाहीत, आकडे भरताना होतात. २१ अंश १९ मिनिटं हे दशांशात २१.३२ होतात. लोक सर्रास २१.१९ लिहितात आणि विमानतळ १४ किलोमीटर दक्षिणेला, समुद्रात नेऊन ठेवतात. पश्चिम रेखांशाचं ऋण चिन्ह विसरणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. तिसरा फक्त पॅसिफिकमध्ये भेटतो. किरिबातीची राजधानी तारावा १७३ अंश पूर्वेला आणि त्याच देशाचं किरितिमाती बेट १५७ अंश पश्चिमेला. दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज केली तर ३३० अंश येतात आणि उत्तर जवळपास पृथ्वीप्रदक्षिणेचं निघतं. ३६० मधून वजा केलं की ३० अंश उरतात, तेच खरं. कोसाइन घेणारी सूत्रं हे आपोआप सांभाळतात, पण वरची पायथागोरसची युक्ती सांभाळत नाही, तिथे स्वतःच लक्ष ठेवावं लागतं.

मग दोन चांगल्या ठिकाणीसुद्धा शेवटच्या आकड्यांत फरक का पडतो? कारण पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. सोपी साधनं ६,३७१ ही सरासरी धरून गोल मानतात, चांगली साधनं चपटेपणा हिशेबात घेतात. होनोलुलू ते किरितिमाती हे जवळपास सरळ दक्षिणेचं अंतर घ्या. गोल धरलं तर सुमारे २,१५१ किलोमीटर येतं, खऱ्या आकारावर सुमारे २,१४०. अकरा किलोमीटरचा फरक आणि चूक कुणाचीच नाही. काहुलुईसारख्या १६२ किलोमीटरच्या पल्ल्यात हा फरक किलोमीटरच्या आतबाहेर राहतो, सोडून द्या.

अंतर नेमकं कुठून कुठवर मोजलंय हेही पाहायला हवं. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो, सहसा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ, आणि त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात. काही साधनं मात्र विमानतळ न घेता शहराचा किंवा चक्क बेटाचा मध्य घेतात. माउईचा मध्य काहुलुईत नाही. टेनेरिफेसारख्या बेटावर तर दोन विमानतळ आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, एकमेकांपासून सुमारे ५० किलोमीटरवर. नुसतं ‘टेनेरिफे’ लिहून काढलेलं अंतर कोणतं, हे विचारूनच घ्यावं. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलो पूर्वेला, कोना पश्चिमेला, आणि मध्ये चार हजार मीटरहून उंच डोंगर. नावांचा घोळ वेगळाच. सेंट जॉन्स अँटिग्वात आहे आणि सेंट जॉन्स न्यूफाउंडलंडलाही आहे. दोन्ही बेटंच, पण एकात नारळ आणि दुसऱ्याच्या किनाऱ्यावर हिमनग. म्हणून शोधताना विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह टाकावं. होनोलुलूचं एचएनएल, काहुलुईचं ओजीजी.

आता वेळ. खरी गंमत इथे आहे.

१६२ किलोमीटरला जेटच्या साधारण ८३० किलोमीटर वेगाने भागलं की १२ मिनिटांच्या आत उत्तर येतं. तुमच्या पहिल्या हिशेबाने एवढंच केलंय. पण ८३० हा वेग विमान उंचावर, सरळ आणि स्थिर उडत असतानाचा, आणि या पल्ल्यात विमान तशा अवस्थेला जवळजवळ पोहोचतच नाही. उतरताना आमचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल सोडायचे. २०,००० फुटांवरून खाली यायचं तर ६० मैल आधी उतरण सुरू करावी लागते. तेवढं चढायला साधारण ४० मैल जातात. बेरीज १००, आणि हाताशी आहेत ८७. म्हणजे चढण संपायच्या आत उतरण सुरू व्हायला हवी. त्यामुळे अशा उड्डाणात उंचीच कमी ठेवतात, आणि सपाट उड्डाण मिळालंच तर काही मिनिटांचं. त्यातही अमेरिकेत १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. या प्रवासाचा मोठा भाग दहा हजारांच्या खालीच जातो. ८३० चा वेग या हिशेबात आणणंच मुळात गैरलागू.

वर मार्गही सरळ नसतो. होनोलुलूहून काहुलुईकडे नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती मधल्या मोलोकाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लगटून जाते आणि शेवटी पश्चिम माउईच्या डोंगरांवर चढते. त्यातलं पुऊ कुकुई हे शिखर १,७६४ मीटर उंच. काहुलुईचा विमानतळ या डोंगरांच्या पलीकडे, बेटाच्या अरुंद कमरेवर आहे, आणि दुसऱ्या बाजूला ३,०५५ मीटरचा हालेआकाला. हवाईत वर्षातले बहुतेक दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, त्यामुळे काहुलुईला उतरायचं ते नैऋत्येकडून ईशान्येकडे तोंड करून. म्हणून पश्चिमेकडून आलेलं विमान डोंगरांना दक्षिणेकडून वळसा घालतं, मालाएआच्या उपसागरावर डावीकडे वळतं आणि दोन डोंगरांमधल्या मोकळ्या पट्टीतून, उसाच्या जुन्या शेतजमिनींवरून धावपट्टीवर येतं. या कमरेतून वारा दाबून निघतो, त्यामुळे शेवटची दोन-तीन मिनिटं विमान हलतं. दर वेळी हलतं, घाबरायचं कारण नाही. डाव्या खिडकीत बसलात तर डोंगर अगदी जवळून दिसतात.

परतताना उलटी अडचण. विमान पूर्वेकडून येतं आणि व्यापारी वाऱ्यात होनोलुलूला उतरायचं असतं पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे तोंड करून. म्हणजे विमानतळ ओलांडून पुढे जायचं आणि वळून यायचं. जाताना ८७ आणि येताना ८७ हे फक्त पट्टीवर. उडलेले मैल दोन्ही दिशांना त्याहून जास्त, आणि दोन्ही वेळा वेगळे.

या सगळ्यामुळे हवेतला वेळ वीस-पंचवीस मिनिटांवर जातो. याचा एक बिनतोड पुरावा आहे, जरा गंभीर जागी सापडणारा. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर हिलोहून होनोलुलूला येताना हवेतच उडालं, एका हवाई कर्मचाऱ्याचा जीव गेला, आणि वैमानिकांनी विमान काहुलुईलाच उतरवलं. चौकशीत त्या विमानाचा पूर्वेतिहास नोंदवला गेला: ३५,४९६ तास आणि ८९,६८० उड्डाणं. भागाकार करून पाहा, एका उड्डाणाला सरासरी २४ मिनिटं येतात. एका विमानाच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीची ही सरासरी आहे. विमानाचं शरीर थकतं ते तासांनी नव्हे, तर दर उड्डाणाला आतला हवेचा दाब वाढण्या-उतरण्याने, हे त्या अपघातानंतर जगभर फार गांभीर्याने घेतलं गेलं. बेटांमध्ये ये-जा करणारी विमानं कमी तासांत म्हातारी होतात ती यामुळे.

हवेतले २४ आणि तिकिटावरचे ४० च्या आसपास, यातला फरक जमिनीवर जातो. तिकिटावर असतो ब्लॉक टाइम. विमान फाटकापासून हललं तिथपासून पलीकडच्या फाटकाशी थांबलं तिथपर्यंत. पुशबॅक, म्हणजे विमान फाटकापासून मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर चाकांवर चालत, धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. होनोलुलूची समुद्रातल्या प्रवाळखडकावर बांधलेली धावपट्टी ३,६५८ मीटर लांब आहे आणि टर्मिनलपासून दूरही. कधीकधी पुशबॅकपासून चाकं उचलेपर्यंत जो वेळ जातो तो हवेतल्या प्रवासाच्या निम्म्याहून जास्त भरतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय कंपनी वेळापत्रकात थोडी ढील ठेवतेच. अमेरिकेत ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं आणि ही टक्केवारी जाहीर होते, मग कुठली कंपनी हात आखडता घेईल?

तुमचा ४२ मिनिटांचा हिशेब कुठून आला तेही यातून उलगडतं. अंतर मोजणाऱ्या अनेक साधनांत ठरीव सूत्र असतं: ताशी ५०० मैलांनी भागा आणि चढउतरणीसाठी ३० मिनिटं मिळवा. १०० मैलांना १२ अधिक ३०, झाले ४२. ब्लॉक टाइमच्या जवळ पोहोचतं, पण काहुलुईचा डोंगर आणि होनोलुलूची टॅक्सी त्या सूत्राला माहीत नाहीत. जमलं ते नशिबाने.

तरीही या सूत्राची घडण मला पटते, कारण ती वेळेचे दोन तुकडे करते: एक ठरलेला, एक अंतरावर चालणारा. मोठ्या विमानतळांमधल्या जेटसाठी ठरलेला तुकडा अर्ध्या तासाच्या आसपास धरा. छोट्या विमानतळांवरच्या पंख्याच्या विमानांना तो दहा-वीस मिनिटांवर येतो, कारण टॅक्सी जवळची, रांग नाही, आणि ती उंच चढतही नाहीत. अंतराच्या तुकड्यासाठी जेटला ताशी ८३०, एटीआरसारख्या टर्बोप्रॉपला, म्हणजे मोठ्या पंख्याच्या विमानाला ५००, छोट्या ट्विन ऑटरला २७० किलोमीटर धरलं तर चालतं. मालदीवमधलं माले ते गान ५४० किलोमीटर आहे. टर्बोप्रॉपने ६५ मिनिटं अधिक ठरलेला तुकडा, म्हणजे सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं. कॅरिबियनमध्ये सेंट मार्टिनहून साबा ४५ किलोमीटर. ट्विन ऑटरने दहा मिनिटं आणि थोडी वर, पंधरा धरा. साबाची धावपट्टी ४०० मीटरची आहे, तिथे जेटचा विचारच नको. आणि हे पाहा, होनोलुलू-काहुलुईसाठी जेटऐवजी एटीआर घेतलं तर हवेत फार तर सात-आठ मिनिटं जास्त लागतील. लोक अशा पल्ल्यात ‘पंख्याचं विमान हळू’ म्हणून नाक मुरडतात, त्यात काही अर्थ नाही.

सूत्राची टोकाची परीक्षा स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत होते. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर २.७ किलोमीटर, होनोलुलूच्या त्या एका धावपट्टीपेक्षा कमी. १९६७ पासून ही नियमित सेवा आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा साथीला असताना ५३ सेकंदांत झाल्याचा विक्रम आहे. इथे तीस मिनिटं मिळवणारं सूत्र काय सांगेल ते तुम्हीच काढा.

वाऱ्याचं थोडं. काहुलुईच्या पल्ल्यात वारा मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे करतो, बाकी काही नाही. लांबच्या बेटांना तो खरा जाणवतो. २,००० किलोमीटर, वेग ८००, वारा १००. पाठीमागून असेल तर २ तास १३ मिनिटं, समोरून असेल तर २ तास ५१. जाताना मिळालेलं येताना फिटतं असं लोकांना वाटतं, पण बेरीज ५ तास ४ मिनिटं येते, बिनवाऱ्याच्या ५ तासांपेक्षा जास्त. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा फायद्यापेक्षा मोठा पडतो.

उघड्या समुद्रावर आम्ही तसंही किलोमीटरमध्ये विचार करत नाही, मिनिटांत करतो. दोन इंजिनांच्या विमानाला, खास परवानगी नसेल तर, एका इंजिनावर तासाभरात गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहावं लागतं. ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांपर्यंत आणि १९८८ मध्ये १८० पर्यंत वाढवून मिळू लागली, आणि त्यानंतरच दोन इंजिनांची विमानं महासागरांवर सर्रास दिसू लागली. होनोलुलू-किरितिमातीच्या मधोमध विमान दोन्ही टोकांपासून हजाराहून जास्त किलोमीटरवर असतं. तिथे काही बिघडलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं, हे आधीच काढलेलं असतं, आणि तो बिंदू मध्यावर नसतो. समजा जाताना ६० किलोमीटरचा वारा समोरून आहे. पुढे जाण्याचा वेग ७७०, मागे फिरण्याचा ८९०. तर २,१४० ला ८९० ने गुणा आणि दोन्ही वेगांच्या बेरजेने, १,६६० ने भागा. १,१४७ किलोमीटर येतात, मध्यापेक्षा ७७ किलोमीटर पुढे. तोपर्यंत मागे फिरणंच लवकरचं. प्रवासी तेव्हा झोपलेले असतात आणि पुढे कॉकपिटमध्ये हा आकडा कागदावर समोर असतो.

विमानच नसेल तर अंतर निरुपयोगी, हेही ध्यानात ठेवा. तारावा आणि किरितिमाती एकाच देशात, सरळ अंतर सुमारे ३,३०० किलोमीटर. पण बराच काळ त्यांच्यामध्ये थेट विमान नव्हतं, फिजीतल्या नांदीमार्गे जावं लागे, म्हणजे सुमारे ५,७०० किलोमीटर आणि वर नांदीतला मुक्काम. उलट कधी विमान असतं पण सरळ रस्ता बंद असतो. लंडनचा हीथ्रो आणि टोकियोचा हानेदा हेही बेटांवरचेच विमानतळ. त्यांच्यातलं सुमारे ९,६०० किलोमीटरचं अंतर २०२२ पूर्वी रशियावरून बारा तासांच्या आसपास कापलं जायचं. आता वळसा घालून चौदाच्या आसपास लागतात. नकाशावरचा आकडा एका मीटरनेही बदललेला नाही.

घड्याळाचं काय, असंही पुष्कळ जण विचारतात. हवाईत सगळी बेटं एकाच वेळेवर आहेत, तुम्हाला काळजी नाही. पण सामोआहून अमेरिकन सामोआच्या पागो पागोला जाऊन पाहा. अंतर सुमारे १५० किलोमीटर, काहुलुईइतकंच. उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि तुम्ही पोहोचता आदल्या दिवशी. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला आणि वाररेषेच्या पलीकडे उडी मारली. आता या दोन शेजाऱ्यांत बरोबर २४ तासांचा फरक आहे. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ वजा करून प्रवासाचा वेळ काढणाऱ्यांची इथे फजिती होते. होनोलुलू आणि किरितिमातीचंही तसंच: घड्याळात वेळ तीच, तारीख वेगळी. अशा ठिकाणी दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजाबाकी करायची.

आणि बेटांवर विमान निघेलच, याची हमी कधीच पूर्ण नसते. मदेरा बेटावरच्या फुन्शालला वाऱ्याच्या मर्यादा बंधनकारक आहेत. त्या ओलांडल्या की विमानं पोर्तो सांतोसारख्या ठिकाणी वळवावी लागतात. फुन्शाल-पोर्तो सांतो हवेतून ५७ किलोमीटर, विमानाने पाव तासाच्या आसपास. पण वारा थांबेपर्यंत बसून राहा, नाहीतर दोन-अडीच तासांची बोट पकडा. स्कॉटलंडच्या ‘बारा’ नावाच्या बेटावर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. मालदीवची सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं मोठं विमान संध्याकाळी उतरलं तर चाळीस मिनिटांच्या उड्डाणासाठी रात्र काढावी लागते. मालेचा विमानतळ स्वतंत्र बेटावर आहे. २०१८ साली पूल झाला, तोवर राजधानीत जायलाही बोटच. हा वेळ कुठल्याही अंतर-वेळेच्या हिशेबात नसतो.

आता तुमच्या परतीचं. दीड तास पुरेल का, याचं उत्तर उड्डाणाच्या मिनिटांवर नाही, तिकिटावर आहे. काहुलुई-होनोलुलू आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर असेल आणि कंपनीनेच तो जोड दिला असेल, तर दीड तास पुरेसा आहे. सामान थेट पुढे जातं, आणि पहिल्याला उशीर होऊन पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवणं त्यांच्याकडे लागतं. फक्त काहुलुईला सामान देताना त्यावरचं लेबल शेवटच्या ठिकाणाचंच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

तिकिटं वेगवेगळी असतील तर दीड तासावर मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही. होनोलुलूला सामान पट्ट्यावरून घ्यायचं, आंतरबेट टर्मिनलमधून आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायचं, पुन्हा रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर बहुधा सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. म्हणजे तुमच्या दीड तासातला तास आधीच गेला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात पट्ट्यावर बॅग यायची वाट पाहायची. वेगळ्या तिकिटांवर तीन तास धरा. काहुलुईहून होनोलुलूला दिवसभर विमानं असतात, तेव्हा दोन विमानं आधीचं घ्या. दिवसातलं शेवटचं तर अजिबात घेऊ नका, त्याच्या मागे दुसरं नसतं.